रांगेत शेवटी

१

"या वर्षी शेवटी तिला ठेवा, आई. सहा वर्षं मी काढली. आणि ती बोलतेय कुठे एवढं?"

हे वाक्य माझ्या जाऊबाईंचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बाहेर आलं तेव्हा मी त्याच खिडकीबाहेरच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालत होते. तोंडात दोन चिमटे होते, म्हणजे बोलायची सोय तशीही नव्हती.

नुसता नळ चालू होता. मग सासूबाई म्हणाल्या, "बोलत नाही ते चांगलंच. पण बघते फार."

"बघू दे की. पुढे बघितलं म्हणजे झालं."

लग्नाला चार महिने झाले होते आणि माझ्याविषयी आडून ऐकलेलं हे तिसरं वाक्य. पहिलं माझ्या उंचीबद्दल होतं, दुसरं माझ्या माहेरच्यांच्या उंचीबद्दल. त्या मानाने हे बरंच म्हणायचं. रांगेत शेवटी उभं राहायला काय लागतं? शाळेत उंचीपायी मी कायम शेवटीच असायचे.

मी टॉवेल झटकला. जरा जोरातच, आपण इथे आहोत हे कळावं म्हणून. आत नळ बंद झाला.

२

समुद्राकाठच्या जंगलात एक धबधबा आहे. गाडी लावून आधी वाळूवरून चालायचं, मग एक ओढा ओलांडायचा, मग झाडीतून चढण, आणि शेवटी कड्याच्या कडेने जाणारी अरुंद वाट. ती वाट संपते तिथे पाणी पडत असतं. वनखात्याच्या पत्रकात या वाटेपुढे 'मध्यम' असं छापलंय. जाऊन-येऊन पाच तास. लोक असल्या ठिकाणी पाण्याची बाटली घेऊन, मनात आलं की जातात. आमच्याकडे सहा आठवडे आधी तयारी सुरू होते.

याचं कारण सासरे. एकतीस वर्षं अग्निशमन दलात होते, त्यातली शेवटची चौदा नव्या भरतीला कवायत शिकवण्यात गेली. त्यांच्या मते निम्मी माणसं आगीने मरत नाहीत, दार आत उघडतं की बाहेर हे आठवता आठवता मरतात. म्हणून सराव. आणि तो घरात.

आमचं घर म्हणजे मधली भिंत पाडून जोडलेले दोन फ्लॅट. बाहेरचं दार ही गाडी लावायची जागा. हॉल म्हणजे वाळू. जेवणाच्या टेबलाशेजारी अंथरलेली सतरंजी म्हणजे ओढा, तिच्यावरच्या तीन उशा म्हणजे खडक. तिसरा खडक डुलतो, म्हणून तिसऱ्या उशीखाली लाटणं. मग लांबलचक पॅसेज, म्हणजे जंगल. दोन फ्लॅटच्या जमिनी एका पातळीत नाहीत म्हणून मध्ये तीन पायऱ्या आहेत, ती चढण. पुढे एका बाजूला जुनं लोखंडी कपाट आणि समोरच्या भिंतीवर रेनकोट टांगायच्या खुंट्या. तिथून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. ती कड्याची वाट. आणि टोकाला मागचं बाथरूम. तिथला शॉवर पूर्ण सोडायचा. झाला धबधबा.

"हसायचं असेल तर आत्ताच हसून घे," सासरे मला म्हणाले. "शनिवार-रविवार सकाळी सातला, बूट घालून हॉलमध्ये."

"बाबा, आपण तिकडे फिरायलाच जातो ना?" नवरा म्हणाला.

"फिरायला जातात ते हरवतात."

रांगेचा क्रम फ्रिजवर चिकटवलेला होता: सासरे, सासूबाई, नवरा, जाऊबाई, मी. जाऊबाईंचा नवरा जहाजावर असतो, त्यामुळे तो या सगळ्यातून वर्षानुवर्षं सुटलेला. शेवटच्या माणसाकडे एकच काम. परत हॉलमध्ये आलं की सासरे हजेरी घेतात, प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा, आणि शेवटच्याने वर म्हणायचं, "मागे कोणी नाही." पेटलेल्या इमारतीतून सगळ्यात शेवटी निघणारा जवान हेच सांगतो म्हणे. त्याने सांगेपर्यंत दार ओढून घेत नाहीत.

"आणि चालताना मागे वळून बघायचं नाही," सासरे म्हणाले.

मग मागे कोणी नाही हे कळणार कसं? हे मी मनात विचारलं. नव्या सुनेचे निम्मे प्रश्न मनातच विचारून होतात.

३

पहिला सराव झकास झाला, म्हणजे हास्यास्पद झाला. पाठीवर भरलेल्या पिशव्या, हातांत काठ्या. जाऊबाई तिसऱ्या उशीवरून घसरल्या. "ओढ्यात पडलीस," सासरे मागे न बघता म्हणाले. "घोटा मुरगळला. वीस मिनिटं उशीर." आम्ही सगळे तिथे खरंच थांबलो, सासरे घड्याळ बघून 'चला' म्हणेपर्यंत.

कपाटापाशी आल्यावर सासरे वळले आणि रेनकोटांना पाठ टेकवून उभे राहिले. सासूबाईही. मग नवरा, मग जाऊबाई. अरुंद वाटेवर समोरून कोणी आलं तर बाजू देतात तसं. मीही पाठ टेकवली. समोर कपाट, पॅसेज रिकामा, बाथरूममधून पाण्याचा आवाज.

सासूबाईंनी मान किंचित झुकवली. ओळखीचं माणूस जवळून गेलं की झुकवतो तेवढीच. ओठ न उघडता हसल्यासुद्धा. मग नवऱ्याने पोट आत घेतलं. मग जाऊबाईंनी डोळे मिटले. माझ्या पिशवीचा लोंबणारा पट्टा जरासा हलला. पट्टे हलतातच.

मग सगळे सरळ झाले आणि चालायला लागले.

परतताना क्रम तोच. बाथरूममधून शेवटी मी निघाले. त्या दाराला वर स्प्रिंग आहे; हात सोडला की ते असं आपटतं की खालचे लोक तक्रार करतात. मी हात सोडला आणि मान आखडून आवाजाची वाट बघत चालू लागले. एक पाऊल, दोन, पाच, आठ. कपाट मागे पडलं. तेव्हा कुठे मागून अगदी हलका 'टक' ऐकू आला. घरात कोणी झोपलेलं असताना शहाणं माणूस दार लावतं, तसा.

हॉलमध्ये हजेरी झाली. "पाच," मी म्हणाले. "मागे कोणी नाही."

सगळ्यांनी श्वास सोडला. मी आत्तापर्यंत या घरात केलेल्या कुठल्याच गोष्टीचं इतकं कौतुक झालं नव्हतं.

४

मी कान तपासते. एका दवाखान्यात, आवाज आत येऊ नये म्हणून सगळीकडून स्पंज लावलेल्या छोट्या खोलीपाशी माझं टेबल आहे. आत माणूस हेडफोन लावून बसतं. मी आवाज वाजवते, त्याला ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. काही माणसं आवाज नसतानाही दाबतात, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि काही माणसांना ऐकू येतं तरी ती दाबत नाहीत. त्यांचा डोळा हलतो, बोट हलत नाही. अशांना मी दोनदा तपासते.

म्हणून मी दारही दोनदा तपासायचं ठरवलं. बुधवारी मला सुट्टी होती आणि दुपारी घरात कोणी नव्हतं. स्प्रिंगला कोणीतरी तेल घातलं असेल. शॉवरच्या वाफेने लाकूड फुगलं असेल. अकरा वेळा मी दार उघडून सोडलं. अकराही वेळा ते आपटलं. शॉवर सोडून बघितलं, आपटलं. बूट घालून, पिशवी पाठीला लावून बघितलं. आपटलंच. मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःशीच हसले.

राहिली होती एकच गोष्ट, आणि पद्धत म्हणजे पद्धत. मी हॉलपासून सुरुवात केली. वाळू, ओढा, पायऱ्या. कपाटापाशी रेनकोटांना पाठ टेकवून उभी राहिले. कोणीच नव्हतं, म्हणून जरा लाजत सासूबाईंसारखी मान झुकवली. बाथरूमपर्यंत गेले, फिरले, आणि दार सोडलं.

ते आपटलं नाही.

मी चालत राहिले. पळाले नाही हे मला नमूद करायचंय. 'टक' झालं तेव्हा मी पायऱ्यांवर होते. हॉल ओलांडला, बाहेरचं दार उघडलं, आणि रिकाम्या घराला मोठ्याने सांगितलं, "मागे कोणी नाही." मग बूट आणि पिशवी तशीच घेऊन बस स्टॉपवर जाऊन बसले, ते नवरा कामावरून येईपर्यंत. कुठे निघालीस, असं शेजारच्या बाईंनी विचारलं. धबधब्याला, म्हणाले.

५

जाऊबाई आता स्वयंपाकघरात मधोमध स्टूल घेऊन बसायला लागल्या होत्या. सांगितलं तर कोणालाही क्षुल्लक वाटेल. पण चार महिने मी त्यांना फक्त भिंतीला पाठ लावून बसलेलं बघितलं होतं, जेवताना, टीव्ही बघताना, नवऱ्याशी फोनवर बोलताना. मला वाटायचं, पाठ दुखत असेल. आता त्या स्टुलावर पाय हलवत लसूण सोलत होत्या आणि चक्क गुणगुणत होत्या. मी फ्रिजला पाठ लावून उभी होते. थरथरत होता तो फ्रिज की मी, सांगता येणार नाही.

"ताई, मागे कोण असतं?"

त्यांनी सोलणं थांबवलं नाही. "शेवटी होते तोवर मी बघितलं नाही कधी. म्हणून तर निभावलं."

"पण असतं."

"कान तू तपासतेस ना? मग मला काय विचारतेस?" मग आवाज खाली आला. "माझ्या पहिल्या वर्षी फक्त तिकडेच होतं. कड्याच्या वाटेवर समोरून यायचं, मागे लागायचं, आणि वाळू आली की थांबायचं. वाळूवर कधी नाही उतरलं. मागे कोणी नाही म्हणायचं, गाडीत बसायचं, वर्षभर सुटका. मग बाबा निवृत्त झाले. त्यांना घरात काही उद्योग नको? हा सराव काढला. आणि बाबांचं काम तुला माहितीये, सगळं मोजून-मापून. जिथे वळण तिथे वळण, जिथे थांबायचं तिथे थांबायचं." लसणाचं साल त्यांनी बोटावरून झटकलं. "त्यालाही पाठ झाली ना मग वाट."

"मग सराव बंद करायचा."

"केला होता एक वर्ष." त्यांचे पाय थांबले. "आपण चाललो तर ते मागून येतं, एवढं तरी ठाऊक असतं गं. नाही चाललो तर कुठल्या खोलीत आहे तेच कळत नाही. सांग, काय बरं?"

"आणि 'मागे कोणी नाही' असं म्हटलंच नाही तर?"

"मला नाही माहीत. मी दर वेळी म्हटलं." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत वाईट वाटणं होतं, खरंखुरं. "मी तुझी वाट बघितली. खोटं कशाला बोलू? रोज बघितली. तुझ्यानंतर..."

वाक्य त्यांनी सोडून दिलं. माझ्या नवऱ्याला धाकटा भाऊ नाही.

६

शुक्रवारी संध्याकाळी नवरा पिशव्या भरत होता. दोर, शिट्ट्या, मलमपट्टी, प्रत्येकी मोज्यांचे दोन जास्तीचे जोड. त्याचे हात भराभर चालत होते. त्याच्या हातांवरूनच मी लग्नाला हो म्हटलं होतं, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

"तू भिंतीला पाठ लावून झोपतोस," मी म्हणाले.

"सवय आहे."

"कधीपासूनची?"

त्याने मोज्यांची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "वहिनी यायच्या आधी शेवटी मीच असायचो. अकरा वर्षांचा होतो तेव्हापासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही."

"काय सांगणार होतो? आमच्याकडे सगळं ठीक आहे, माणसं चांगली आहेत, फक्त..." तो हसला, मग हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना. "तसं ते काही करत नाही गं. कधीच काही केलं नाही. नुसतं असतं."

"मग तू भिंतीला का चिकटतोस?"

तो पिशवीच्या चेनशी झगडत राहिला. मग म्हणाला, "मी राहू का परत शेवटी?"

इतक्या हळू म्हणाला की मी ऐकलंच नाही असं दाखवायला जागा राहावी. इतका हळू आवाज मी माझ्या टेबलावर सगळ्यात शेवटी वाजवते. तो फार थोड्यांना ऐकू येतो. मला आला. त्या आवाजातला अकरा वर्षांचा मुलगाही ऐकू आला.

मी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि चेन लावली.

पण त्या संध्याकाळी मला नीट कळलं की माझं काय पणाला लागलंय. वर्षातून एक सहल नव्हे. उद्या मी 'मागे कोणी नाही' म्हणणार, परवा धबधब्यावरून परत येऊन म्हणणार, पुढच्या वर्षी म्हणणार, आणि मग एक दिवस पाठ भिंतीपासून सुटायची बंद होईल. आणि कधीतरी माझी मुलगी अकरा वर्षांची होईल आणि मी स्वयंपाकघरात नळ सोडून कोणालातरी म्हणेन, आता तिला ठेवा.

७

शनिवारी सकाळी सातला शेवटचा सराव, पूर्ण वजनासह. रविवारी ओहोटी सहा चाळीसला होती. पहाटे निघायचं होतं. सासरे खुशीत होते. "हवा स्वच्छ, वाट कोरडी," ते हॉलच्या छताकडे बघून म्हणाले.

वाळू. ओढा. कोणी घसरलं नाही. पायऱ्या. कपाट.

आम्ही पाठी टेकवल्या. मी थांबले. पट्टा हलायची वाट बघत होते, पण सासूबाईंनी आज मान झुकवली नाही. नवऱ्याने पोट आत घेतलं नाही. समोरून कोणी आलंच नाही.

मी फक्त डोळे उजवीकडे नेले. मान नाही. रांगेत माझ्या मागे, हातभर अंतरावर, दोन रेनकोट भिंतीशी सपाट झाले होते. पाठ टेकवल्यावर होतात तसे. बाह्या दाबल्या गेल्या होत्या, एक कॉलर मुडपली होती. माझ्या खांद्यापेक्षा बरीच वर. तेही वाट देऊन उभं होतं, आमच्यासारखंच, शिस्तीत. मग सासरे "चला" म्हणाले, आणि ते दोन रेनकोट हळूहळू भिंतीपासून सुटे झाले.

धबधब्यापाशी आम्ही ठरलेला वेळ उभे राहिलो. आरशावर वाफ धरली. फिरलो. दार आपटलं नाही.

परत येताना पायऱ्यांवर माझा बूट अडकला. पिशवीच्या वजनाने मी पुढे कोसळणारच होते, तेवढ्यात मागून कोणीतरी पिशवी धरली, तोल येईपर्यंत धरून ठेवली आणि सोडली. आभार मानायची मला इतकी सवय आहे की शब्द ओठांपर्यंत आला होता. जाऊबाईंना माझा बूट अडखळलेला ऐकू आला असणार. त्यांची मान ताठ झाली, पण त्या वळल्या नाहीत.

हॉलमध्ये चौघं दाराशी ओळीने उभी राहिली, माझ्याकडे तोंड करून. मी पॅसेजच्या तोंडाशीच थांबले.

"एक," सासरे म्हणाले.

"दोन."

"तीन."

"चार," जाऊबाई म्हणाल्या.

"पाच."

सासऱ्यांनी कागदावर खूण केली आणि वाट बघितली. आणि मी त्या चौघांचे चेहरे बघितले. मी उंच आहे. माझ्याशी बोलताना या घरात सगळ्यांनाच मान थोडी वर करावी लागते. आत्ता ती त्याहून वर गेली होती. चौघांचीही, एकाच जागी, माझ्या डोक्याच्या डाव्या अंगाला. आणि तिथून ती नजर लगेच बाजूला सरकली, एखाद्याचा फाटका कपडा दिसल्यावर भली माणसं सरकवतात तशी. सासूबाईंनी सतरंजीकडे बघितलं. नवऱ्याने माझ्या बुटांकडे.

त्यांना दिसत होतं. इतकी वर्षं, दर वेळी, दिसत होतं. फक्त रांगेतल्या शेवटच्यालाच ते बघायची मनाई होती, आणि त्यालाच ते नाही असं म्हणायला लावायचं होतं.

"सूनबाई," सासरे म्हणाले. आवाज कवायतीचा होता. "मागे?"

मी वळले.

मागून कोणीतरी "अगं" म्हणालं, अर्धवट.

पॅसेजमधला उजेड संपतो तिथे ते उभं होतं. सगळं सांगता येणार नाही, आणि सांगण्यासारखं दिसलंही फार नाही. अंगावरून पाणी ठिबकत होतं. ते आमच्या लादीवर सांडू नये म्हणून त्याने पुढे धरले होते ते, हात म्हणायचे तर हात, ओंजळीसारखे, आणि ओंजळ काठोकाठ भरत आली होती. ते हलत नव्हतं. परक्या घरात पहिल्या दिवशी माणूस जसं उभं राहतं, बूट कुठे काढावेत, कोणाकडे बघावं, पुढे व्हावं की कोणी म्हणेपर्यंत थांबावं हे न कळून, तसं. चेहऱ्याच्या जागी जे होतं ते माझ्याकडे वळलेलं होतं आणि वाट बघत होतं.

ओंजळीतून एक थेंब सुटला. तो लादीवर पडलेला आम्हा पाचही जणांना ऐकू आला.

मी घरच्यांकडे न वळताच म्हणाले, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा खूप मोठा निघाला, "आई, बसायला तरी सांगा ना कोणीतरी. घरात आलेल्याला किती वर्षं असं उभं ठेवायचं?"